उस्मानपुऱ्यातील दुसरा उंबरठा

रेल्वे स्थानकाकडून क्रांती चौकाकडे निघालेला मनुष्य उस्मानपुऱ्यात नेमका केव्हा शिरला, हे त्याला सहसा कळत नाही. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून मिरवणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात या वस्तीला वेस नाही. रस्त्याच्या कडेला पुस्तकांची आणि झेरॉक्सची दुकाने दाट होऊ लागली, पाठीवर दप्तरे घेतलेली मुले घोळक्याने दिसू लागली, की उस्मानपुरा आला असे समजावे. १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन याच परिसरात आहेत. संत एकनाथ रंगमंदिरही येथेच. पीर बाजार, गुरुद्वारा, खानावळी, मुलांची वसतिगृहे आणि त्यांच्या मागे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची बैठी घरे असा या वस्तीचा संसार आहे. तरुण येथे चार वर्षे राहून पुढे निघून जातात. पन्नाशी उलटलेली माणसे मात्र येथे राहण्यासाठी येतात.

असेच एक दांपत्य मागील हिवाळ्यात येथे घर पाहावयास आले. गंगापूर तालुक्यातील एका बाजारगावात त्यांचे कापडाचे दुकान. तिसऱ्या पिढीची गादी. त्यांचे वय छप्पन्न, त्यांच्या पत्नीचे बावन्न. मुलगा पुण्यास नोकरीत, मुलगी जालन्यास दिलेली. दुकानाच्या मागे वाडा, वाड्यात एक्याऐंशी वर्षांची आई. गिऱ्हाईक हळूहळू शहराकडे वळले. लग्नाचा बस्ता बांधावयास आता गावातील माणसेही संभाजीनगरास जातात. हृदयाच्या तपासणीसाठी महिन्यातून एकदा शहर गाठावे लागू लागले, तेव्हा घरात स्थलांतराचा विषय प्रथम निघाला. निघाला तो पत्नीच्या तोंडून. "अहो, एक दिवस अर्ध्या रात्री निघावे लागले तर?" एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

व्यापारी घराण्यास स्थलांतर नवे नाही. मराठवाड्यातील कितीतरी जैन कुटुंबांचे पूर्वज लोटा-दोरी घेऊन परमुलखातून येथे आले आणि बाजाराच्या गावी स्थिरावले. परंतु ते आले तेव्हा विशीत होते. हरण्यासारखे त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. छप्पन्नाव्या वर्षी मनुष्य उठतो तेव्हा त्याच्या मागे उधारीच्या वह्या असतात, शेजार असतो, स्वतःच्या हाताने लावलेले लिंबाचे झाड असते. हे शहर मात्र उशिरा मांडलेल्या डावाचेच फळ आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी येथे नवे नगर वसवले, तेव्हा त्याची साठी उलटलेली होती. त्याने नहरींचे पाणी आणले आणि मग वस्ती वाढली. आधी पाणी, मग घर हा क्रम येथे चारशे वर्षांपूर्वीच ठरून गेला आहे.

या दांपत्यानेही तोच क्रम धरला. बीड बायपासकडील एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचे प्रशस्त घर त्यांनी प्रथम पाहिले. उजेड भरपूर, भिंती कोऱ्या, कमलनयन बजाज रुग्णालय त्याच रस्त्यावर. पत्नीने स्वयंपाकघरातील नळ सोडून पाहिला आणि विचारले, "हे पाणी कुठले?" उत्तर आले, टँकरचे. शहरास पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येते. धरण काठोकाठ भरलेले असले तरी नळास रोज पाणी येईल असे नाही. गेली अनेक वर्षे येथील घरे काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या पाण्यावर चालतात. ज्या घरात पाणी गाळून, उकळून पिण्याचा नेम आहे, त्या घरास हा प्रश्न अधिक बारकाईने पाहावा लागतो. उस्मानपुऱ्यातील जुन्या घराच्या अंगणात जमिनीखाली हौद होता. त्याचे झाकण उचलून पत्नीने आत डोकावून पाहिले, तळ स्वच्छ आहे याची खात्री करून घेतली आणि मगच त्या घरात शिरल्या.

ते घर बैठे, तीन खोल्यांचे. वाड्याच्या मानाने लहान. वाड्यातील पितळेची भांडी, कापडाच्या पेट्या, पाहुण्यांच्या गाद्या येथे मावणार नव्हत्या. परिग्रहपरिमाणाचे व्रत पर्युषणात ऐकणे आणि कोणते पातेले ठेवावे, कोणते द्यावे हे ठरवणे यांत अंतर असते. पत्नीने यादी केली. पहिल्या यादीत बावीस पातेली होती. तिसऱ्या यादीत नऊ उरली.

कागदपत्रांच्या बाबतीत छप्पन्न वर्षांच्या व्यापाऱ्यास कोणी शिकवावे असे नाही. तरी घराची खरेदी ही गाठीच्या खरेदीहून निराळी. या शहरात गुंठेवारीच्या वसाहती पुष्कळ आहेत. तेथील घर डोळ्यांस चांगले दिसले तरी ते नियमित झालेले आहे किंवा नाही, हे कागदावर पाहावे लागते. त्यांनी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावयाचे ठरवले, मालमत्ता पत्रक मागितले, बांधकाम परवानगी पाहिली, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी विचारली. बोलता बोलता वकिलांनी सांगितले की, निवासी घर स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. दुकान वडिलांच्या नावे होते, वाडा आजोबांच्या. बावन्न वर्षांत पत्नीच्या नावावर दागिन्यांखेरीज काही नव्हते. यजमान सवलतीचा हिशेब मांडत राहिले. पत्नी काही बोलल्या नाहीत, परंतु घरी परतताना वाटेत त्यांनी दोनदा विचारले, "माझ्या नावे म्हणजे सही माझीच ना?"

खरा पेच आईंचा होता. "तुम्ही जा. मी येथेच राहीन," हे त्यांचे उत्तर ठरलेले. गावातील मंदिर वाड्यापासून साठ पावलांवर आहे. त्या वाटेवर त्यांचे एकसष्ट वर्षांचे रोजचे दर्शन आहे. उस्मानपुऱ्यातून राजाबाजारच्या ज्या मंदिराशी घराण्याचा जुना संबंध, तेथे जावयाचे तर रिक्षा करावी लागणार. सुनेने सासूबाईंस समजावण्याचा प्रयत्न केला नाही. ती त्यांना सोबत घेऊन शहरात आली. दोन दिवस त्या नातेवाइकांकडे उतरल्या. पहिल्या दिवशी आईंनी घर पाहिले आणि देवघराची दिशा तेवढी विचारली. शेजारच्या पंजाबी बाईंनी पाणी पुढे केले. आईंनी ते नम्रतेने नाकारले, कारण सूर्य मावळला होता. त्या बाईंनी कारण विचारून घेतले आणि दुसऱ्या दिवशी उन्हे असतानाच फळे कापून आणली. आईंनी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांना वेरूळास नेले. शहरापासून अंतर सुमारे ३० किलोमीटर. ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी टोकाला आहेत. बहुतेक प्रवासी कैलास पाहून माघारी फिरतात. इंद्रसभेतील बाहुबलींच्या मूर्तीपुढे आई पुष्कळ वेळ उभ्या होत्या. अंगावर वेली चढेपर्यंत जो एका जागी उभा राहिला, त्याच्यापुढे घर बदलण्याचा विषय कोणी काढला नाही. वरच्या टेकडीवर भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे, तिच्यावर शके ११५६ चा लेख आहे. पायऱ्या चढवतील का, अशी सर्वांस शंका होती. आई सावकाश, थांबत थांबत चढल्या. उतरताना त्यांनी विचारले, "कचनेर शहरापासून किती लांब? आणि पैठण?" कचनेरचे चिंतामणी पार्श्वनाथ सुमारे ३५ किलोमीटरवर, पैठणचे मुनिसुव्रतनाथ ५० किलोमीटरवर, असे त्यांस सांगण्यात आले. त्यांनी मान हलवली. होकार त्यांनी दिला नाही; परंतु "मी येणार नाही" हे वाक्यही पुन्हा उच्चारले नाही.

शेवटी जो निर्णय झाला तो व्यापाऱ्यास शोभणारा होता. घरमालक विक्रीची घाई करीत नव्हते. प्रथम अकरा महिन्यांच्या करारावर ते घर भाड्याने घ्यावे, त्यात एक उन्हाळा आणि एक चातुर्मास काढून पाहावा, आणि मगच खरेदीखत करावे असे ठरले. उन्हाळ्यात पाण्याची परीक्षा होईल, चातुर्मासात मनाची. दुकान पुतण्याकडे सोपवावयाचे, परंतु पहिले वर्ष मालकी तशीच ठेवावयाची. वाड्यास कुलूप लावावयाचे नाही. मागची खोली आईंसाठी राखून ठेवावयाची. ज्यांना असे पाऊल उचलावयाचे आहे त्यांनी हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुने घर विकून आलेल्या रकमेत नवे घर घाईने घेणाऱ्यास परतीची वाट राहत नाही, आणि पन्नाशीनंतर चूक भरून काढण्यास हाताशी वर्षे थोडी असतात.

यजमानांपुढे आणखी एक प्रश्न उरला, तो त्यांनी कोणापाशी बोलून दाखवला नाही. सकाळी साडेनऊ वाजता गादीवर बसण्याची सवय असलेल्या माणसाने उस्मानपुऱ्यात त्या वेळी काय करावे? पहिल्या आठवड्यात ते रोज स्थानकापर्यंत चालत गेले आणि परत आले. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानदाराशी ओळख झाली. तिसऱ्या आठवड्यात वसतिगृहातील एका मुलास शर्टाचे कापड घ्यावयाचे होते. यजमानांनी ते दुकानाच्या दारात उभ्या उभ्या दोन बोटांत धरून पाहिले आणि सांगितले, "हे घेऊ नको. दोन धुण्यांत आटेल." दुसऱ्या दिवशी तो मुलगा आणखी दोघांना घेऊन आला.

माघ संपता संपता आई आल्या. सोबत एक पेटी, जपमाळ आणि वाड्यातील लिंबाच्या झाडाचे रोप. अंगणात ते कोठे लावावे यावर सासू-सुनेत थोडा वाद झाला. आईंचे म्हणणे, हौदापासून दूर लावावे. मुळे पाण्याकडे धावतात. सुनेने ऐकले. भाड्याच्या घरात झाड कशाला, असे मात्र त्या दिवशी कोणीच म्हणाले नाही.