गोलघुमटात काय सांगू?

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही विजापूरला निघालोय. काटोलहून पल्ला लांबचा, शिदोरीत दशम्या नि घरची संत्री. १६५६ साली पूर्ण झालेला गोलघुमट आतून चढायचा! कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून अरुंद जिना जातो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या खालीच बसतील. त्यांच्यासाठी सतरंजी घेतलीय.

वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेलं पार पलीकडे ऐकू येतं. मात्र सकाळी लवकर गाठायचं, नाहीतर नुसत्या पोरांच्या आरोळ्या!

दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं बारा वर्षं कुजबुजतच बोलतो. पण ते दूध, फी नि वाणसामानाचं. तिथे हे पलीकडे कान लावतील, तेव्हा मी म्हणणार आहे, "मला बी. एड. करायचंय."

तुम्ही काय सांगाल हो?