११ जुलैच्या कुटुंबांना, वर्ध्याहून

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली, त्या सर्व कुटुंबांस,



मी वर्ध्याला राहते. मुंबई इथून साडेसातशे किलोमीटरवर आहे. आमच्याकडची मुलं शिकून झाली की सेवाग्राम एक्स्प्रेस किंवा विदर्भ एक्स्प्रेस धरतात आणि नोकरीसाठी तुमच्या शहरात येतात. महिनाभरात त्यांचाही लोकलचा पास निघतो, ठरलेला डबा ठरतो. म्हणून मुंबईच्या लोकलमधला स्फोट आम्हाला परक्या गावची बातमी वाटत नाही. त्या मंगळवारी संध्याकाळी फोन लागत नव्हते, तेव्हा इकडचीही पुष्कळ घरं टीव्हीपुढे जीव मुठीत धरून बसली होती.

सांत्वनाची पत्रं तुम्हाला खूप आली असतील. हे पत्र सांत्वनाचं नाही. गेली एवढी वर्षं तुम्ही जो प्रश्न विचारत आला आहात, तो तुमच्या बरोबरीने विचारण्यासाठी मी लिहिते आहे. आमच्या माणसांना कोणी मारलं?

घडलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण २००६ नंतर जन्मलेली पिढी आता मतदार झाली आहे, तिच्यासाठी नोंदवते. चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या, घरी परतणाऱ्या माणसांनी भरलेल्या गाड्या होत्या. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ११ मिनिटांत एकूण सात. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सातही बॉम्ब पहिल्या वर्गाच्या डब्यांत होते. १८९ माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. कुणाचे पाय गेले, कुणाची श्रवणशक्ती गेली, कुणी वर्षानुवर्षं शुद्धीवरच आलं नाही. रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्यांचीच स्ट्रेचर केली. काही तासांत गाड्या पुन्हा सुरू झाल्या, आणि मुंबईच्या जिद्दीचं कौतुक देशभर झालं. ते कौतुक खरं होतं. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाणारी मुंबई आणि दुसऱ्या दिवशी सायन, केईएमच्या शवागारात आपलं माणूस शोधणारी मुंबई एकच नव्हती. पहिलीचे गोडवे गाताना दुसरीचा प्रश्न मागे पडला.

स्फोटानंतरचं दुःख आमच्या जिल्ह्यालाही ठाऊक आहे. देवळी तालुक्यात पुलगावला लष्कराचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. आग विझवायला गेलेले जवान, अग्निशमन कर्मचारी आणि लष्करी अधिकारी मिळून पंधराहून अधिक माणसं त्यात गेली. आजूबाजूच्या गावांतली माणसं रातोरात घरं सोडून निघाली. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानात जुना दारूगोळा निकामी करण्याचं काम चाललं होतं. तिथे स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. हे अपघात होते, तुमच्यावर झाला तो हल्ला होता. हा फरक मी विसरत नाही. पण पुलगावच्या कुटुंबांना निदान स्फोट कशाने झाला ते समजलं. २०१६ च्या चौकशीने रणगाडाविरोधी सुरुंगांमधून पाझरणाऱ्या सदोष स्फोटकाकडे बोट दाखवलं. ते कळल्याने गेलेलं माणूस परत आलं नाही. पण कोणाला जाब विचारायचा हे ठरलं, पुढे काय बदलायला हवं हे मागता आलं. तुमच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

तुम्हाला मात्र बराच काळ वाटत होतं की उत्तर मिळालं आहे. दहशतवादविरोधी पथकाने काही महिन्यांत आरोपी पकडले. खटला मोक्का न्यायालयात चालला. मध्यंतरी २००८ मध्ये मुंबईच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनच्या काही जणांना पकडलं आणि त्यांच्याकडून याच स्फोटांची वेगळीच हकिगत पुढे आली. एकाच राज्याच्या पोलिसांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन कथा होत्या. त्याच वेळी कोणीतरी थांबून विचारायला हवं होतं, पण खटला ठरल्या वाटेने पुढे गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली. तेरावा आरोपी निर्दोष सुटला. तुमच्यापैकी अनेकांनी त्या दिवशी एक दार बंद केलं असेल.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते दार पुन्हा उघडलं. न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. निकाल 'पुराव्याअभावी' या एका शब्दात गुंडाळून सांगितला गेला, म्हणून त्याची कारणं तुमच्यासमोर मांडते. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतला मजकूर जागोजागी शब्दशः सारखा निघाला आणि ते छळ करून घेतल्याचा आरोप न्यायालयाला ग्राह्य वाटला. ओळख पटवणारे काही साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी बोलले होते. एक ओळखपरेड ज्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता अशा अधिकाऱ्याने घेतली होती. जप्त स्फोटकं नीट सीलबंद करून जपली गेली, हे सिद्ध झालं नाही. आणि १८९ माणसं ज्यांनी मारली, ते बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा तपास यंत्रणेला न्यायालयात सांगता आलं नाही.

तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. राज्य सरकारचं अपील तिथे उभं आहे. अंतिम शब्द त्या न्यायालयाचा असेल आणि तो मी मानीन. पण उच्च न्यायालयाने दाखवलेल्या त्रुटी कोणत्याही निकालाने पुसल्या जाणार नाहीत. त्या तपासात राहिल्या होत्या, निकालाने त्या फक्त वाचून दाखवल्या.

उच्च न्यायालयाच्या निकालाच्या दिवशी तुमच्यातल्या कितीतरी जणांना वाटलं की आपला दुसऱ्यांदा घात झाला. ते वाटणं खरं आहे आणि त्याला उत्तर देण्याचा मला अधिकार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घात निकालाच्या दिवशी झाला नाही. तो झाला २००६ च्या त्या महिन्यांत, जेव्हा घटनास्थळाचा पुरावा जपण्यापेक्षा कबुली मिळवणं सोपं वाटलं. चुकीचा माणूस आत गेला की खरा माणूस बाहेर राहतो. चुकीच्या अटकेत पहिली फसवणूक अटक झालेल्याची होते आणि दुसरी तुमची.

नागपूरचं मध्यवर्ती कारागृह वर्ध्याहून दीड-दोन तासांवर आहे. या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण तिथेच २०२१ मध्ये कोरोनाने गेला. त्याचं निर्दोषत्व चार वर्षांनी जाहीर झालं. त्याचंही घर आहे, तिथेही मुलं बापाशिवाय वाढली. त्या घराचं दुःख आणि तुमचं दुःख एकमेकांसमोर उभं करून पाहणाऱ्यांचं ऐकू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. दोन्ही घरांचा देणेकरी एकच आहे.

तुमच्या निकालापाठोपाठ दहा दिवसांत मालेगावच्या निकालाची पाळी आली. २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानच्या महिन्यात, भिक्कू चौकात मोटारसायकलवर ठेवलेल्या बॉम्बने सहा माणसं मारली. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना सोडलं. तिथली कुटुंबं अपिलात उच्च न्यायालयात गेली आहेत. त्याच मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बारातच्या दिवशी बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले होते. त्यात पकडलेले नऊ मुस्लिम तरुण पाच वर्षं तुरुंगात राहिले आणि २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. या तिन्ही गुन्ह्यांत आरोपी वेगळ्या धर्मांचे, मृत वेगळ्या धर्मांचे, आणि बाहेर जल्लोष आणि संताप करणारेही त्या-त्या वेळी बदलले. पण मृतांच्या हाती काहीच आलं नाही, ही गोष्ट तिन्ही ठिकाणी सारखीच राहिली. आरोपीचं नाव वाचून आपण आनंदी व्हायचं की दुःखी, हे ठरवणाऱ्या कोणालाही तुमच्या माणसांची फिकीर नाही.

तपास नीट होऊच शकत नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला १२ मार्च १९९३ दाखवा. मुंबईत त्या दिवशी २५७ माणसं मारली गेली. वरळीला बेवारस सोडलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या घरापर्यंत पोहोचले आणि कटाचा धागा हाती आला. त्या तपासावरही आक्षेप आहेत. पण तो वस्तूंपासून सुरू झाला आणि माणसांपर्यंत गेला, म्हणून शंभर जणांवरचा दोष न्यायालयात सिद्ध झाला. उलट दिशेने गेलेल्या तपासाचं काय होतं, ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या लोकांना विचारा. १९७४ मध्ये तिथल्या दोन दारूच्या गुत्त्यांत बॉम्ब फुटून २१ माणसं गेली. सहा आयरिश माणसं पकडली, कबुल्या घेतल्या, जन्मठेप दिली. १६ वर्षांनी, १९९१ मध्ये, ती निर्दोष ठरून बाहेर आली. त्या २१ जणांची कुटुंबं आजही खऱ्या गुन्हेगारांसाठी लढताहेत. पन्नास वर्षांनीही त्यांनी प्रश्न सोडलेला नाही.

तुम्हीही सोडू नका. आणि तो एकट्याने विचारू नका. आता मी ज्या गोष्टी लिहिते आहे, त्या सरकारकडे मागण्याच्या आहेत आणि त्या तुमच्याइतक्याच आमच्याही आहेत. अपील चालू राहो, पण त्याच्या आडोशाने हा प्रश्न झाकला जाऊ नये. न्यायालयाच्या देखरेखीखाली, त्या तपासाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्यांकडून सगळी कागदपत्रं नव्याने तपासली जावीत, २००८ ची ती दुसरी कथासुद्धा. छळाचे आरोप ज्यांच्यावर आहेत, त्यांची स्वतंत्र चौकशी व्हावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आता पीडितांना तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळवण्याचं बंधन पोलिसांवर घातलं आहे. जुन्या गुन्ह्यांतल्या कुटुंबांनाही तोच मान मिळावा. दरवर्षी ११ जुलैला श्रद्धांजली वाहिली जाते. त्याच दिवशी सरकारने लेखी हिशेब द्यावा की वर्षभरात या प्रकरणात काय झालं. जखमींचे उपचार आणि कृत्रिम अवयव हा आयुष्यभराचा खर्च आहे. तो एकदाच्या धनादेशाने फिटत नाही, त्यासाठी कायमची तरतूद हवी.

हे मागायला मुंबईचा रहिवासी असावं लागत नाही. राज्याचं गृहखातं आमच्याही मतांवर चालतं. आमच्या आमदारांना हे प्रश्न विधानसभेत मांडता येतात आणि हिवाळी अधिवेशन तर आमच्या शेजारी नागपुरातच भरतं. वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी या चारही मतदारसंघांतल्या वाचकांनी आपल्या आमदाराला एक पोस्टकार्ड पाठवावं आणि त्यावर एवढंच लिहावं: ११ जुलै २००६ चा नवा तपास कधी सुरू होणार? मी माझं पाठवलं आहे. उत्तर आलं तर ते तुम्हाला कळवीन. नाही आलं तर पुन्हा लिहीन.

तुमची,
वर्ध्यातली एक रहिवासी