दलमादल तोफेपाशी

विष्णुपूरला मी गेलो तो मंदिरे पाहावयास. बांकुडा जिल्ह्यातील हे गाव एके काळी मल्ल राजांची राजधानी होते. या मुलखात घडाईचा दगड दुर्मिळ. म्हणून वैष्णव झालेल्या या राजांनी मातीच भाजून घेतली, आणि तिच्यावर रासमंडले, शिकारी, नौका कोरून घेतल्या. जांभ्याच्या रुंद चौथऱ्यावरील रासमंच, १६४३ चे श्यामराय, १६५५ चे जोडबांगला ही सारी एका सकाळीत पाहून होतात. जोडबांगल्यापुढे मात्र मी रेंगाळलो. शेजारी शेजारी चिकटलेल्या दोन झोपड्या, त्यांच्या छपरांचा बांबूने घ्यावा तसा बाक, आणि तो बाक विटेत उतरविलेला! दरबारी शिल्पाने कुणब्याच्या घराकडून इतके उघडपणे काही घेतल्याचे मी अन्यत्र पाहिलेले नाही.

दुपारी वाटाड्याने छिन्नमस्ता मंदिराजवळील दलमादल तोफेपाशी नेले. १७४२ मध्ये भास्करपंतांची फौज आली तेव्हा राजा गोपालसिंहाने प्रजेला नामसंकीर्तन करावयास सांगितले, आणि मदनमोहनाने स्वतः ही तोफ डागून शत्रूला पळविले, अशी कथा त्याने रंगवून सांगितली. (तीच मूर्ती पुढे कर्जापायी कलकत्त्यास गहाण पडली म्हणतात, सावकारापुढे देवाचीही तोफ चालली नसावी.) मग त्याने विचारले, “आपण कुठले?”

“महाराष्ट्रातला.”

“म्हणजे बर्गींच्या देशातले!” तो हसला. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच मी अधिक ओशाळलो.

बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार आणि शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावरचा, असे मी मोडक्या हिंदीत समजावू लागलो आणि मध्येच थांबलो. जळालेल्या गावाला घोडा कोणाचा होता याचे काय? शाळेत आम्ही रघूजी भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या आणि चौथाई एका परिच्छेदात उरकल्या होत्या. गंगारामाच्या काव्यात त्याच स्वाऱ्यांत माणसे घरे टाकून पळताना दिसतात. पापभाराने वाकलेल्या पृथ्वीसाठी शिव नंदीला शाहू महाराजांकडे धाडतो, अशी त्या काव्याची सुरुवात. पण पुढे मराठे ब्राह्मणवैष्णवांवरच तुटून पडतात, तेव्हा देवी त्यांच्यावर उलटते. या काव्याचे नाव ‘महाराष्ट्रपुराण’, आणि त्याची पोथी १७५१ ची. आपल्या प्रांताचे नाव परभाषेतील ग्रंथास लाभल्याचा अभिमान मराठी वाचकाने येथे कसा धरावा?

तोफेच्या लोखंडावर हात ठेवून वाटाड्या म्हणाला, “आमच्या आया अंगाईत बर्गींचे नाव घेतात. तुमच्याकडे मुलांना कोणाची भीती घालतात?”

“बागुलबुवाची.”

त्याने तो शब्द दोनदा घोळवून पाहिला. “तो कोणत्या देशाचा?”

ते काही मला सांगता आले नाही.