तार तुटली म्हणजे बंद, असं नसतं

पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगी नावाचं गाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथला चोवीस वर्षांचा एक मुस्लिम तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. शिक्षण आठवीपर्यंत, धंदा वेल्डिंगचा. दोन वर्षं खपून त्याने ते यंत्र उभं केलं होतं. शेपटीकडचा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि तो मोठा पंखा त्याच्या डोक्याला लागला. बातमी देशभर गेली. कुणी त्याला हिरो केलं, कुणी वेडा म्हटलं. दोन्हींपैकी काहीही म्हटलं की विचार करायची गरज उरत नाही.

मी अर्धापूरला उर्दू आणि मराठी शिकवतो. विमानाशी माझा संबंध नाही. पण त्या बातमीनंतर घरी विमान बांधणाऱ्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि इंजिन सुरू करायच्या वायरिंगपाशी अडकलो. कारण ते वायरिंग मला ओळखीचं वाटलं.

आमच्याकडे केळीच्या बागेत मोटारीचा स्टार्टर असतो. हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल चुंबक होते, पट्ट्या खेचून घेते आणि मोटार चालू होते. लाईट गेली की कॉइल सोडते, मोटार बंद. बोटाखालून जाते ती थोडीशी वीज, मोटारीला मिळते ती मोठी. छोट्या विमानातही हेच आहे. इंजिन फिरवायला सेल्फ लागतो आणि तो दोनशे अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकतो. एवढा करंट पायलटच्या बटणातून नेला तर बटणच जळेल. म्हणून बटण फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देतं आणि जाड केबल कॉन्टॅक्टरमधून थेट सेल्फकडे जाते.

आता बारकावे बघा. बॅटरीजवळचा मुख्य कॉन्टॅक्टर आणि सेल्फचा कॉन्टॅक्टर दिसायला बरेचदा सारखेच असतात. पहिला तासन् तास ओढून धरण्यासाठी असतो, दुसरा काही सेकंदांसाठी. दुसरा पहिल्याच्या जागी बसवला तर कॉइल तापून जळते. बटण सोडताच कॉइलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि उलट दाबाची ठिणगी बटणाच्या आत उडते. ती जिरवायला कॉइलवर एक डायोड लावतात. तो उलटा लागला तर बटण दाबताच शॉर्ट. केबलच्या टोकाचा लग नीट दाबलेला नसेल आणि तिथे एक ओहमचा शंभरावा भाग इतका जरी अडथळा राहिला, तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच गळतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून दोन गेले तर सेल्फ कुंथतो. आणि कॉन्टॅक्टरच्या पट्ट्या आत चिकटल्या तर बटणावरचं बोट काढूनही सेल्फ फिरतच राहतो. म्हणून सेल्फच्या बाजूने एक दिवा जोडतात. बोट काढल्यावरही दिवा जळतोय म्हणजे मुख्य स्विच ताबडतोब बंद करायचा.

पण मला खरा धक्का दिला मॅग्नेटोने. छोट्या विमानांच्या बऱ्याच इंजिनांना ठिणगी बॅटरीतून मिळत नाही, इंजिनावरच बसवलेल्या दोन मॅग्नेटोंकडून मिळते. त्यांचा स्विच आपल्या घरच्या स्विचच्या उलटा. बंद करायचं म्हणजे तार इंजिनाच्या बॉडीला, अर्थला जोडायची. ती तार तुटली तर मॅग्नेटो चालूच राहतो. चावी बंद, बॅटरी काढून ठेवलेली, आणि कुणी सहज पंखा हाताने फिरवला तर इंजिन पेट घेऊ शकतं. मोटारीच्या स्टार्टरवर हात बसलेल्या माणसाला वाटणार, तार तुटली म्हणजे बंद. आयुष्यभराचा खरा अनुभव इथे जीव घेऊ शकतो.

फुलसावंगीचा अपघात वायरिंगचा नव्हता. पण हे ज्ञान हाताला आपोआप कळत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून आहे. तिचे अनुभवी सभासद नव्या माणसाच्या घरी जाऊन त्याचं काम तपासतात, पत्रा झाकण्याआधी. आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे अमोल यादव मुळातच व्यावसायिक पायलट. त्यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली, चाचणीच्या उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. कागदपत्रांत वर्षं गेली. त्यांच्याकडे निदान ती भाषा होती, ज्यात सरकारी दफ्तराशी भांडता येतं. वेल्डिंगच्या दुकानातल्या पोराकडे ती कुठून येणार?

आठवीच्या विज्ञानात धाराविद्युत आणि चुंबकत्वाचा धडा आहे. मराठी शाळेतला मुलगा 'विद्युतचुंबक' पाठ करतो, उर्दू शाळेतला 'बर्क़ी मक़नातीस'. त्याच मुलाचा मोठा भाऊ रिवायंडिंगच्या दुकानात दिवसभर तीच वस्तू गुंडाळतो आणि तिला 'कॉइल' म्हणतो. तिन्ही शब्द एकाच वस्तूचे, हे त्यांना कुणी सांगत नाही. परीक्षेत नापास होणारा मुलगा दुकानात उस्ताद असतो, आणि पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्याने स्टार्टरचं झाकण कधी उघडलेलं नसतं. आमच्या समाजात शाळा सोडून गॅरेजला लागणाऱ्या पोरांची संख्या पाहिली की हे अंतर मला भाषेच्या शिक्षकाचंच काम वाटतं.

म्हणून यंदा मी आठवीच्या वर्गात एक मोडका स्टार्टर आणून ठेवला आहे. फळ्यावर तीन शब्द शेजारी शेजारी लिहितो आणि मुलांना झाकण उघडायला सांगतो. पुढच्या महिन्यात एका रिवायंडिंगवाल्या चाचांना वर्गात बोलावणार आहे. ते शिकवतील, मी भाषांतर करीन. उडायचं स्वप्न पाहू नका, असं मी कुठल्याच पोराला सांगणार नाही. फक्त पंखा फिरण्याआधी विचारायला कुणीतरी असावं, आणि काय विचारायचं त्याचे शब्द त्याच्याजवळ असावेत.