मुकादमाचं पोर

आमच्या भागात ऊस फार. दिवाळी सरली की तोडणीच्या टोळ्या उतरतात, फडात कोयते वाजू लागतात. कोपीपुढं धाकट्याला कडेवर घेतलेली पोरं दिसतात. जन्मभर मास्तरकी केल्यामुळं माझी नजर आधी तिकडेच जाते. या पोरांना मी एका परदेशी गड्याची गोष्ट सांगत आलोय. तीच आज तुम्हांला सांगतो.

गड्याचं नाव रॉबर्टो क्लेमेंटे. प्वेर्तो रिको बेटावरच्या कॅरोलिना गावी १९३४ साली तो जन्मला. सात भावंडांतलं शेंडेफळ. बाप उसाच्या मळ्यावर मुकादम. पोरंही बापाबरोबर राबायची, ट्रक भरायची, रिकामे करायची. या पोराला नाद एकच, बेसबॉलचा. हा खेळ म्हणजे आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊच. गोल दांडक्यानं चेंडू टोलवायचा, पळत एकेक ठाणं गाठायचं आणि फेरी पुरी करून घरी यायचं.

अमेरिकेतलं पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. तिथल्या धंदेवाईक संघाचं नाव 'पायरेट्स', म्हणजे समुद्रावरचे चाचे. गेल्याच्या मागल्या शतकात यांनी दुसऱ्या संघाचा एक खेळाडू आपल्याकडे ओढला, तेव्हा लोकांनी 'चाचेगिरी' म्हणून बोल लावला. यांनी तोच बोल नाव म्हणून मिरवला. १९०९ आणि १९२५ साली हा संघ अजिंक्य ठरला. पुढं मात्र ३५ वर्षं दुष्काळ.

१९५५ साली क्लेमेंटे या संघात आला. रंगानं काळा, इंग्रजी मोडकं. सरावासाठी दक्षिणेत गेलं की गोऱ्यांच्या खाणावळीत काळ्या खेळाडूंना बसू देत नसत. वर्तमानपत्रवाले त्याचं मोडकं इंग्रजी जसंच्या तसं छापून थट्टा करत. तो चिडायचा, पण दबला नाही. १९६० साली याच संघानं बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजना हरवलं. शेवटच्या सामन्यात बिल मॅझेरोस्की या गड्यानं विजयाचा टोला हाणला. मालिकेतल्या सातही सामन्यांत क्लेमेंटेचा फटका बसलाच होता.

१ सप्टेंबर १९७१ रोजी पायरेट्सनं मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिन अमेरिकेकडचे होते. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं. त्याच वर्षी संघ पुन्हा अजिंक्य झाला आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला क्लेमेंटे. दूरचित्रवाणीवर बोलायची वेळ आली, तेव्हा त्यानं आधी आपल्या स्पॅनिश भाषेत आईबापांचा आशीर्वाद मागितला. मग इंग्रजी.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यानं आपला ३००० वा यशस्वी फटका मारला. पुढं तीनच महिन्यांत, २३ डिसेंबरला, निकाराग्वा देशाची राजधानी मानाग्वा भूकंपानं जमीनदोस्त झाली. क्लेमेंटेनं मदत गोळा करून पाठवली. ती मधल्यामध्ये हडप होते असं कानावर आलं, तेव्हा ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः विमानात चढला. जुनाट विमान, त्यात वजन जास्त. उडाल्या उडाल्या ते समुद्रात कोसळलं. त्याचा देह मिळालाच नाही. त्याचा सोबती सँगियेन त्याला शोधायला स्वतः पाण्यात बुड्या मारत राहिला.

ही गोष्ट मी आधीही ऐकली होती, पण ती मनाला भिडली १९९३ साली. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला धरणी हलली. आमच्या गावानं घरटी दहा भाकरी आणि एकेक चादर जमवली. गाडीबरोबर मीही गेलो. हमरस्त्यालगत कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेले, आणि आतल्या वस्तीवर लेकरांना पांघरायला काही नाही. वाटेत काहीजण भेटले. म्हणाले, "इथंच उतरवा, आम्ही वाटू." आमच्या गाडीतले एक आजोबा उठून उभे राहिले. "भाकरी माझ्या सुनेनं थापल्यात. ज्याच्या पोटात जायच्या, त्याच्या हातावर मीच ठेवणार." गाडी चिखल तुडवत आत गेली. एका बाईनं चादर घेतली आणि लेकराला गुंडाळली. तोंडातून शब्द काढला नाही. क्लेमेंटे विमानात का चढला, हे मला त्या दिवशी उमगलं.

एरवी खेळ सोडल्यावर पाच वर्षं गेल्याशिवाय तिकडच्या मानकऱ्यांच्या दालनात कुणाला जागा मिळत नाही. क्लेमेंटेसाठी हा नियम बाजूला ठेवला आणि १९७३ सालीच त्याला तो मान दिला. लोकांसाठी झटणाऱ्या खेळाडूला दरवर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार देतात. याच पायरेट्सनं २००८ साली उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारावर घेतलं, तेव्हा मला आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं.

आमच्या गावात किल्लारीपासून एक रिवाज पडला आहे. पूर असो, आग असो, मदत जमवली की गावची दोन माणसं मालाबरोबर जातात, हातात हात देऊन वाटतात आणि परत येऊन पारावर हिशेब सांगतात. वाचकहो, तुमच्या गावातही हे करून पाहा.