दोनच ठेवायच्या झाल्या तर

मुलुंड (पूर्व)

चि. बाळास,


टेक्सासहून पाठवलेला तुझ्या बंदुकांच्या भिंतीचा फोटो मिळाला. मामीने कपाळाला हात लावला. मी मात्र चष्मा लावून एकेक बंदूक निरखली. रागावू नकोस, पण निम्म्याहून जास्त मला जुळी भावंडंच वाटली. त्याच काळ्या रायफली, दुर्बीण तेवढी निराळी. कोपऱ्यातली लाकडी दस्त्याची दुनळी तू मनापासून घेतलीस, हे मात्र सांगावं लागत नाही.

आपल्याकडे कायदाच आवडीची परीक्षा घेतो. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका चालत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने दोनच राहिल्या, आणि वाडवडिलांकडून आलेलीही त्या दोनांतच धरायची. जास्तीची वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा.

घाटकोपरचे माझे एक स्नेही या पेचात सापडले. त्यांच्याकडे वडिलांची बारा बोअरची दुनळी होती, कोकणात रानडुकरांपासून शेती राखायला घेतलेली. शिवाय कानपूरचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर आणि ईशापूरची पॉइंट ३१५ रायफल. जीव होता रायफलीवर. रविवारी पेपर बाजूला ठेवून तिला तेल देत बसायचे. पण दुनळी वडिलांची, ती कशी द्यायची? रिव्हॉल्व्हर धंद्यातल्या धास्तीपायी घेतलेलं, तेही सुटेना. गेली ती रायफल. घरात उरलं ते कर्तव्य आणि भीती. संग्रह पाहून माणसाची आवड कळते म्हणतात, ते इथे खोटं ठरलं.

तसंही निवडायला इथे फारसं काही नाही. पॉइंट ३०३ आणि ९ मिमी ही फौजेची मापं, सामान्य परवानाधारकाला बंद. म्हणून तर ३१५ आणि ३२ ही मापं देशभर दिसतात. परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकात थांबली, तेव्हापासून झिजलेल्या विलायती वेब्ली रिव्हॉल्व्हरलाही अव्वाच्या सव्वा भाव येतो. त्या खरेदीत नेमबाजीपेक्षा शिक्क्याचीच हौस जास्त, असं माझं मत.

इकडे येशील तेव्हा पुण्याला केळकर संग्रहालयात जाऊ. दिनकर केळकरांनी जमवलेले अडकित्ते बघ. काम एकच, सुपारी कातरायचं. पण कारागीर दरवेळी नवं काही करून बसलाय. पुढची बंदूक घेण्याआधी ते बघच.

मी स्वतः परवान्याच्या वाटेला गेलो नाही. दुरुस्त करूनही उडणार नाही अशी जुनी बंदूक शस्त्र कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे मोकळी असते. तशी एखादी ठासणीची मिळाली तर हवी आहे. चाप गेलेला चालेल, दस्त्यावरचं पितळी काम मात्र शाबूत पाहिजे.

तुझा,
मामा