कमठाचा चेहरा

कारंज्याच्या काष्ठासंघ मंदिरातलं लाकडी कोरीवकाम बघून आले आणि ह्यांनी सागाच्या वीतभर तुकड्यावर पार्श्वनाथ भगवंतांवरचा उपसर्ग कोरायला घेतला. अडचण लगेच आली. कथा सांगायची तर चेहऱ्यावर भाव हवा, आणि भगवंत वीतराग! राग नाही, भीती नाही. मग वैर दाखवायचं कुठे?

ते सगळं कमठावर आलं. वाटाण्याएवढा चेहरा तीनदा खरवडला. वटारलेले डोळे नाटकातल्या राक्षसासारखे दिसायचे. शेवटी डोळे साधेच ठेवले, मान पुढे काढली, मुठी आवळल्या. मग वैर दिसलं. पाऊस सागाच्या उभ्या रेघांनीच दिला. धरणेंद्राचा फणाही सुरेख झाला.

पद्मावतीमातेचं छत्र राहिलं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा म्हणतो, सुताराकडून पुरं करून घेऊ. हात चांगला आहे त्याचा. पण ह्यांना तिथे घाईने धावत आलेली आई हवी होती, म्हणून छत्र जरा तिरपं. तसं सांगितलं, तर सुतार म्हणाला, "काकू, देवीचं छत्र तिरपं कसं करू? सरळच पाहिजे नं!"

तुकडा घरी परत आणला.